खांद्यावरचा हात

“तू कुठं चाललीस? बस खाली. दाराशी.”

भरल्या उपासनेत मंडळीचे मोठे पंच असं म्हणाले. राहेलमावशी अर्धी उठली होती. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. ती तशीच वाकलेली थांबली. मग बसली. दाराशी, चपलांजवळ.

मी पुढं उभा होतो. सोळा वर्षांचा. त्या दिवशी मला मंडळीचा सभासद करून घेणार होते. खर्ड्याकडच्या आमच्या पत्र्याच्या ख्रिस्ती देवळात एक रीत होती. नव्या सभासदानं साक्ष द्यायची आणि आपल्याला प्रभूकडे कोणी आणलं त्याचं नाव घ्यायचं. त्या माणसानं मागं येऊन खांद्यावर हात ठेवायचा.

माझ्या खांद्यावर मोठ्या पंचांनी हात ठेवला.

मी म्हणालो, “मला प्रभूकडे पंचसाहेबांनी आणलं.”

हे खोटं होतं. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लिहून देतो, खोटं होतं.

मला आणलं राहेलमावशीनं. ती मांगवाड्यातली, आम्ही महारवाड्यातले. दोन्ही घरं ख्रिस्ती. तरी देऊळ ती झाडायची आणि सतरंजीवर आम्ही बसायचो. राहेल हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव. त्या नावानं तिला मंडळीत कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. झाडूवाली. बस.

दारातल्या कडुलिंबाखाली ती केकताडाचे, म्हणजे घायपाताच्या वाखाचे दोर वळायची. त्याला दोन माणसं लागतात. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ द्यायचा. शाळा सुटली की टोक मी धरायचो. तिला वाचता येत नव्हतं, पण झाडता झाडता ऐकून तिची स्तोत्रं पाठ झालेली. एक ओळ मी म्हणायचो, पुढची ती. मी घाईनं म्हटलं की तिचे हात थांबायचे.

“पाठ लई झ्याक हाय तुजं. पन बोलला कुनाशी? त्या लिंबाशी?”

एकदा मी एका पोराची पाटी फोडली आणि नाव दुसऱ्याचं सांगितलं. मग मावशीकडे येऊन रडलो. म्हणालो, माझ्यासाठी प्रार्थना कर. तिनं दोर खाली ठेवला.

“देवाला मागनं सांग. आदी पाटीवाल्या पोराला सांग. जा.”

गेलो. मार खाल्ला. परत आलो तर तिनं काही न विचारता दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

मोठे पंच शाळेचे हेडमास्तर होते. मास्तरकीच्या ट्रेनिंगला त्यांची शिफारशीची चिठ्ठी लागायची. साक्षीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि ओट्याखाली उभं केलं.

“कुणाचं नाव घेणार?”

मी सांगितलं. ते हसले.

“मांगिणीनं दाखवला तुला प्रभू? तुझा बाप मेलेली ढोरं ओढायचा, ते लोक आत्ता कुठं विसरलेत. तू दे आठवण करून. आणि मग चिठ्ठी मागायला मांगवाड्यात जा.”

मला राग यायला हवा होता. आली लाज. तीही तिची.

उपासना सुटली तेव्हा ती दारात खराटा घेऊन उभी होती. म्हणाली, “बेस बोललास. आवाज कापला न्हाई.” तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी लांबून पाहिलं. तिनं दोराचं टोक लिंबाच्या बुंध्याला बांधलं होतं आणि एकटीच पीळ देत होती. मी वाट बदलली.

चिठ्ठी मिळाली. मास्तर झालो. पुढं नगरच्या मंडळीत पंचही झालो. किती शिबिरांत हीच साक्ष दिली, मोजदाद नाही. तरुणांना सांगत आलो, एकट्याचा विश्वास टिकत नाही, कुणीतरी हात धरून वाढवावं लागतं. खरंच आहे ते. मी तिचंच शिकवत होतो, नाव दुसऱ्याचं घेऊन. ती गेल्याचं मला महिन्यानं कळलं. कुंपणाशी दगड नसलेली तीन-चार थडगी होती. तिचं कुठलं, सांगायला कोणी नव्हतं. ज्याला आधी सांगायचं ते माणूसच राहिलं नाही. आता कुणाकडून मार खाऊ?

यंदा गावच्या मंडळीची स्मरणिका निघते आहे. ‘मला कोणी घडवलं’ यावर दोन पानं मागितली. मी राहेलमावशीवर लिहिली. मोठ्या पंचांचा नातू आता तिथला पंच. तो घरी आला. चहा घेतला.

“काका, खरं असेल हो. पण आजोबांचा फोटो पहिल्या पानावर आहे. त्या बाईचं तर कुणी उरलंही नाही. कुणासाठी उकरता?”

मी पानं पुन्हा त्याच्यापुढं सरकवली.

“आणि साठ वर्षं तुम्हीच तर सांगत होता.”

तेही खरं होतं. जाताना तो म्हणाला, पानं घेता येणार नाहीत, तुमचा फोटो मात्र छापू.

मी म्हणालो, “फोटो छापू नका. मी येतो.”

येत्या रविवारी गावी जाणार आहे. साक्षीच्या वेळी पुढं उभा राहीन. खांद्यावर कुणाचा हात ठेवू देणार नाही. तिचं नाव घेईन, राहेल. मग माझं खोटं सांगेन, चिठ्ठीसकट. पंच म्हणेल, बसा खाली. सांगून होईपर्यंत बसणार नाही.

झाल्यावर बसेन. दाराशी, चपलांजवळ. शेवटी प्रभुभोजनाची भाकर सगळ्यांना वाटतात, ती तिथवर आली तर घेईन. नाही आली तर तसाच उठून येईन.