तिकीट अजून स्वस्त होईल

माझा कुणावर लवकर विश्वास बसत नाही. दूधवाल्याच्या मापावर बसत नाही, औषधाच्या बाटलीवरच्या तारखेवर बसत नाही, आणि "खास तुमच्यासाठी" असं कुणी म्हणालं की माझा हात आपोआप खिशावर जातो. बत्तीस वर्षं सरकारी शाळेत मास्तरकी केली. त्यातली निम्मी वर्षं कोणी कोणाचं पाहून लिहिलं हे हुडकण्यात गेली. तपासायची सवय लागली ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही.

आम्ही नवराबायको चंद्रपूरकडे पोंभुर्ण्याला राहतो. एकुलती एक लेक बंगळूरला नोकरी करते, जावईही तिथेच. गेल्या उन्हाळ्यात लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवासाची सक्त मनाई केली. तारीख दीड महिन्यावर होती. बायकोने त्याच दिवशी लाडवांसाठी डिंक आणायला सांगितला.

"पोरगी फोनवर हसून बोलून राह्यली, पण घाबरली आहे," बायको म्हणाली. "तिले आत नेतील तवा मी दारात उभी पाह्यजे. तिनं मले पाहूनच आत गेलं पाह्यजे. बाकी मले काई नको."

बल्लारशावरून रेल्वे जाते, पण सुट्ट्यांमुळे वेटिंग लांबलेलं होतं आणि बायकोच्या कंबरेला इतका वेळ बसणं झेपणारं नव्हतं. म्हणजे नागपूरहून विमान. आणि विमानापाठोपाठ हॉटेलही. कारण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आईबापाने जेवायचं नाही, पाणीही प्यायचं नाही, हे बायकोच्या माहेरचं कडक. लेक फोनवर वैतागली. "आई, दोन खोल्यांचं घर आहे माझं. हॉटेलात काऊन राहता?" बायको म्हणाली, "पोर होऊ दे, मंग तुझ्या घरून उठतच नाई मी." जावई म्हणाला की तिकीट मी काढतो. जावयाच्या पैशाने जायचं, ते आणखी वाईट. शिवाय तो खरा भाव सांगणार नाही अशीही मला शंका होती.

मी चंद्रपूरला एका तिकिटाच्या दुकानात गेलो. माणूस गोड बोलत होता, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. कॉम्प्युटरचा पडदा त्याने स्वतःकडे वळवून घेतलेला होता. "मले दाखवा ना भाऊ," मी म्हणालो. त्याने पडदा अर्धा फिरवला आणि परत घेतला. भाव सांगितला आणि वर म्हणाला, "सर, आजच घेऊन टाका. उद्या वाढून जाईल." आजच घ्या म्हणणाऱ्याकडून आज घ्यायचं नाही, हा माझा जुना नियम आहे. चहा पिऊन मी उठलो.

मग मी स्वतः फोनवर शोधायला बसलो. सकाळी पाहिलं तेव्हा एक भाव, दुपारी पाहिलं तर तीनशेने जास्त, संध्याकाळी आणखी दोनशेने. मला गरज आहे हे फोनला कळलं, याची माझी खात्री पटली. ताकास तूर लागू द्यायची नाही म्हणून दोन दिवस मी त्यात मुद्दाम गोव्याची तिकिटं पाहिली. तिसऱ्या दिवशी बायकोच्या फोनवरून बंगळूर पाहिलं, तर भाव चांगला सहाशेने कमी! मी खूश. पुढे पुढे बोट दाबत गेलो तसे बॅगेचे पैसे वेगळे, खुर्चीचे वेगळे, आणि कसली तरी सोय केल्याचे वेगळे. शेवटी आकडा होता तिथेच आला. "उभं राहून जाऊ देतात का पाहतो," मी बायकोला म्हणालो. ती हसली नाही. "काढून टाका ना जी," म्हणाली.

हॉटेलांची तर आणखी गंमत. तीन वेगवेगळ्या हॉटेलांच्या फोटोंत एकच निळी फुलाफुलाची चादर होती. एका ठिकाणी रोज लिहिलेलं असायचं, 'फक्त दोन खोल्या उरल्या'. मी आठ दिवस लक्ष ठेवलं. आठही दिवस दोनच उरल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं की अकरा माणसं आत्ता हीच खोली पाहत आहेत. त्यातला एक मी, एक मीच बायकोच्या फोनवरून. बाकीचे नऊ कोण? शेवटी हॉटेलचा नंबर शोधून थेट फोन लावला. काउंटरवरच्या माणसाने फोनवर दिसत होता त्या भावापेक्षा दोनशे रुपये कमी सांगितले. हे शहाणपण कुणालाही उपयोगी पडेल: खोली थेट विचारावी. पण तेव्हा मला वाटलं, कमी का सांगतोय? नक्की खोलीला खिडकी नसेल. खिडकीचा फोटो मागवला. त्याने खिडकीचा फोटो पाठवला. तीच खिडकी कशावरून, असं विचारायचं मी कसंबसं टाळलं आणि पैसे आगाऊ भरून खोली ठेवायला सांगितली.

तिकीट मात्र काढलं नाही. त्याला कारण आमचा आठवडी बाजार.

आमच्या बाजारात मी कधी सकाळी जात नाही. सकाळी विकणाऱ्याचा भाव असतो. उन्हं उतरली, विकणारे पाल गुंडाळायला लागले, की जायचं. जंगलाकडच्या गावांतून बाया चारं, टेंभरं, मोहफुलं असा रानमेवा घेऊन येतात. त्यांना भरलेली टोपली परत सहा-सात कोस न्यायची नसते. टोपलीकडे न पाहता पुढे निघून जायचं, दहा पावलांवर हाक येते, "घेऊन जा ना भाऊ." मग आपण म्हणू तो भाव. आयुष्यभर मी असाच बाजार केला आणि त्याचा मला गर्व होता. विमानाचंही तसंच असणार, असं मी बायकोला समजावलं. विमान काही कुणासाठी थांबत नाही. खुर्च्या रिकाम्या नेण्यापेक्षा शेवटी शेवटी ते निम्म्या भावात देऊन टाकतील. आपण फक्त दहा पावलं पुढे जायचं.

"आणि हाक नाई आली तं?" बायकोने विचारलं.

"येते," मी म्हणालो. "तू पाहत राह्य."

तारखेच्या पंधरा दिवस आधी तिला निघायचं होतं. तो दिवस गेला. भाव उतरेना. लाडू झाले, डब्यात भरले, डब्याला फडकं बांधून झालं. रोज सकाळी ती विचारायची, "आज पाह्यलं का जी?" मी म्हणायचो, "महाग आहे. थांबू अजून." बारा दिवस उरले तेव्हा भाव दीडपट झाला होता. माझं पक्कं झालं की हे आपल्याला घाबरवून राह्यले. दहा दिवस उरले तेव्हा तिने विचारणंच सोडलं. नुसती डब्याकडे पाहायची. मला ते दिसत होतं. तरी मी हटलो नाही, कारण इतके दिवस थांबून चढ्या भावाने घेतलं असतं तर मी मूर्ख ठरलो असतो. खरं कारण एवढंच होतं, ते आज लिहायला लाज वाटते.

नऊ दिवस उरलेले असताना सकाळी सातला जावयाचा फोन आला. पहाटे कळा सुरू झाल्या, दवाखान्यात आलोय, आत नेलं आहे. आम्ही फोन मध्ये ठेवून बसलो. दहाला परत फोन आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. बायको रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "आता तरी काढता का?"

त्या दिवशी दुसऱ्या दिवशीचं तिकीट पहिल्या भावाच्या तिप्पट होतं. मी निमूट काढलं. बॅगेचे, खुर्चीचे, सगळे पैसे भरले. कुठेही शंका काढली नाही. त्या बाजारात टोपली माझ्या डोक्यावर होती आणि ती मला परत नेता येत नव्हती, हे एवढ्या दिवसांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

विमानात माझ्या शेजारी एक तरुण होता. न राहवून मी त्याला भाव विचारला. त्याने महिन्यापूर्वी काढलं होतं, मी चंद्रपूरच्या दुकानात चहा पीत होतो साधारण तेव्हा, आणि जवळपास त्याच भावात. खोटं बोलत असेल, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. पटलं नाही. बायको मांडीवर लाडवांचा डबा घेऊन खिडकीशी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

लेक दवाखान्यात पलंगावर बसलेली होती. आईच्या गळ्यात पडली, खूप वेळ. मग माझ्याकडे पाहून, काही राग नसल्यासारखं म्हणाली, "बाबा, आत नेत होते तवा मी दाराकडंच पाहून राह्यली होती. माहीत होतं तुमी तिकडं आहा म्हणून. तरी पाहून राह्यली होती."

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिच्यापुढे मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

हॉटेल लागलंच नाही. मूल झालं होतं, आता लेकीच्या घरी राहायला हरकत नव्हती. बायकोने तिच्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने माठातलं पाणी घेतलं आणि उभ्यानेच प्यायली. खोली नको असं कळवलं, तर त्या काउंटरवरच्या माणसाने आगाऊ भरलेले पैसे दुसऱ्या दिवशी पूर्ण परत पाठवले आणि नातीबद्दल अभिनंदन केलं. ज्याच्याकडे मी खिडकीचा पुरावा मागितला होता तोच हा माणूस. बायको माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी तिने लाडू हातावर ठेवला, त्यावरून मी समजलो की राग थोडा उतरला.

सव्वा महिना झाल्यावर परतायचं ठरलं होतं. भाड्याने दिलेल्या वावराचा पेरणीआधी हिशेब व्हायचा होता, घर बंद होतं, पाऊस तोंडावर आला होता. परतीचं तिकीट पाहायचं काम अर्थातच माझ्याकडे होतं. एका सकाळी बायको न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसली होती. पायांवर पालथी नात, अंगाला तेल. बाळ रडत होतं आणि ती त्याच्याशी काहीबाही बोलत होती. मी दारात फोन घेऊन उभा होतो.

दोन महिन्यांत मी पाहिलेला सगळ्यात कमी भाव समोर होता. खाली लिहिलं होतं, फक्त दोनच जागा उरल्या. त्यावर त्या दिवशी पहिल्यांदा माझा विश्वास बसला.

"आज पाह्यलं का जी?" तिने मान वर न करता विचारलं.

"पाहिलं."

"किती?"

"महाग आहे," मी म्हणालो. "थांबू अजून."

तिचा हात थांबला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं मी दूधवाल्याच्या मापाकडे पाहतो, तसंच ती माझ्याकडे पाहत होती.

"खरंच महाग आहे?"

"खरंच," मी म्हणालो.

मग तिने बाळाचे कान आपल्या तळव्यांनी झाकले आणि मला तांब्याने पाणी ओतायला सांगितलं.