येडूचा ओटीपी

येडूचं नाव निघालं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. ती येडूवरची की दुसऱ्या कुणावरची, ते तुम्हीच ठरवा. मी आपलं घडलं तसं सांगते.

मी विजयमाला. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याकाठी एका गावात आठवीपर्यंतची शाळा आहे, तिथे शिकवते. येडू म्हणजे माझ्या वर्गातल्या दिपालीचा बाप. मासे धरायचे आणि टेंभुर्णीच्या व्यापाऱ्याला घालायचे, हा त्याचा धंदा. शाळेत आला तरी दाराबाहेरच उभा राहायचा. "अंगाला मासळीचा वास येतोय बाई, हितंच बरं हाय." माणूस अबोल, पण शब्दाचा इतका पक्का की त्याच्या बायकोला, केराबाईला, त्याचा वैताग यायचा. एकदा कुणाच्या पाहुण्यांसाठी चिलापी मासे द्यायचं कबूल केलं होतं, तर अंगात ताप असताना गडी होडी घेऊन गेला. "शब्द दिलाय की," एवढंच त्याचं म्हणणं.

घरात मोबाईल एकच. तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून येडूच्या गळ्यात, म्हणजे दिवसभर पाण्यावर. मग दिपाली मोबाईल शिकली कुठे? माझ्या फोनवर, मधल्या सुट्टीत. टाइप करणं, माहिती शोधणं, खोटी बातमी ओळखणं, सगळं शिकली. वर्गात बागायतदारांची पोरं होती, त्यांच्या घरी लॅपटॉप होते. दिपाली त्यांच्या पुढे होती असं मी म्हणणार नाही. पण मागेही नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगते.

आठवीनंतर गावात शाळा नाही. सोलापुरातल्या एका संस्थेनं नववी-दहावीच्या मुलींसाठी वसतिगृह काढलं होतं. राहणं, जेवण, शाळा, संगणक, सगळं फुकट. निवड मात्र डिजिटल कौशल्याच्या चाचणीवर. निवड झाली तर नववी, नाहीतर घरात बसायचं आणि पाहुणे बघायला यायची वाट पाहायची. चौदा वर्षांच्या पोरीला हे माझ्याइतकंच कळत होतं.

त्याच संस्थेचे शिवशरण सर दिवाळीच्या सुमाराला गावात येऊन गेले होते. मोबाईलवरची फसवणूक कशी टाळायची, यावर त्यांचं भाषण झालं. चोर आवाजही खोटा काढतात, अगदी लेकीचासुद्धा, म्हणाले. शेवटी सगळ्यांना हात वर करायला लावून शपथ दिली, ओटीपी कुणालाही सांगणार नाही. लोकांनी हात वर केले, चहा घेतला आणि घरी गेले. येडू मात्र उठून माठापाशी गेला. त्याच्या घरात शपथ पाणी हातात घेऊन घेतात, आणि पाण्यावर घेतलेली शपथ मोडली तर होडीत पाय ठेवायचा नाही, असं ते लोक मानतात. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं. "सांगनार न्हाय," म्हणाला आणि पाणी सोडलं. शिवशरण सरांनी कौतुकानं त्याचा फोटो काढला.

जानेवारीत चाचणी आली. टॅब घेऊन शिवशरण सरच आले. टॅबवर नाव टाकायचं, पालकाच्या नंबरवर ओटीपी जाणार, तो घातला की प्रश्न उघडणार. बाराला सगळं आपोआप बंद. निरोप गेला तसे बागायतदार फोन घेऊन शाळेच्या ओट्यावर हजर झाले. येडूला आदल्या दिवशी सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण ओटीपीची भानगड आम्हाला त्याच सकाळी कळली. दिपालीनं माझ्या फोनवरून बापाला फोन लावला.

"आबा, मेसेज आला असंल. त्यातला आकडा सांगा."

"कसला आकडा?"

"ओटीपी, आबा. परीक्षेचा हाय."

वल्ह्याचा आवाज थांबला. मग, "न्हाय सांगायचा."

"आबा, मी दिपाली बोलतीया!"

"आवाज तुजाच हाय. पर लेकीचा बी काडत्यात म्हनं."

मी फोन हिसकावला. "येडूभाऊ, मी बाई बोलतेय! पोरीचं वाटोळं होईल, सांगा की!"

"राग मानू नगा बाई. पानी हातात घेतलंय. मी निगतो हितनं, तितं येऊन दावतो." आणि फोन बंद.

मी शिवशरण सरांकडे वळले. "तुमचीच शपथ आहे. थांबा तो येईपर्यंत."

ते हसले. अहो, चक्क हसले! "बरोबर वागतोय की तो, मॅडम. पण सिस्टीम थांबत नाही."

"मग माझा नंबर घाला."

"नोंदीत जो आहे तोच चालतो."

येडू धापा टाकत आला तेव्हा बारा वाजून गेले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फोन. लेकीचं तोंड नीट निरखून त्यानं फोन पुढे केला. "हं, आता घे." दिपाली बंद टॅबपुढे बसली होती. तिनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

शिवशरण सरांनी तिच्या नावापुढे शून्य भरलं. मी म्हटलं, "निदान गैरहजर तरी लिहा!" तर म्हणतात कसे, "लॉगिन करता येणं हे पहिलंच कौशल्य आहे, मॅडम."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कसलं डोंबलाचं कौशल्य! पुढे त्यांच्या अहवालात आलं, या गावातल्या मुलांमध्ये मोठी डिजिटल दरी आढळली. अरे, ओटा आणि होडी यांच्यातलं अंतर मोजलंत तुम्ही! पोरीला एक प्रश्न तरी विचारलात का?

मी फेरपरीक्षेसाठी अर्ज केला, दोनदा फोन केले. "कळवू," एवढंच उत्तर. तिकडे घरी केराबाईनं येडूला सोलून काढलं. "फोन आला तर ह्या खेपंला तोंड उगडा! का पोरीला घरातच कुजवायचीय?" येडू ऐकून घ्यायचा आणि फोन उशाला घेऊन झोपायचा.

मार्चमध्ये एका दुपारी तो थेट वर्गात शिरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तोंडभर हसू.

"बाई, आला फोन! मी इचारलं, दिपालीच्या परीक्षेचं का? तर म्हनला, व्हय व्हय, त्याचंच. ओटीपी मागितला, मी लगीच दिला. येळच लावला न्हाय. परत मागितला, परत दिला."

"आणि शपथ?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मोडली की. होडी इकतो आता. पोरीपरीस काय मोटं हाय?"

दिपालीनं त्याच्या गळ्यातली पिशवी सोडवली आणि मेसेज वाचले. मग फोन माझ्यापुढे धरला. बँकेचे मेसेज होते, एकाखाली एक. खातं धुऊन नेलं होतं.

कुणावर ओरडू? समोर फक्त येडू होता, आणि तो माझ्याकडे मोठ्या आशेनं बघत होता.

"मग बाई, परीक्षा कवा हाय?"