ताटातल्या तांदळांवरचं नाव

मुलीचं नाव शाळेत घालायला गेले त्या सकाळी मी कागदांची पिशवी तीनदा तपासली होती. तरी नडलं ते माझंच नाव.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. नवरा इथं झाशीत गलाईचं काम करतो, म्हणजे सराफांचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देतो. सदर बाजाराच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. मुलगी सहा वर्षांची झाली, तशी जवळच्या सरकारी शाळेत गेले. तिथल्या मुख्याध्यापिकांना सगळे बड़ी मैडम म्हणतात. त्यांनी एका हातात मुलीचा जन्मदाखला धरला, दुसऱ्यात माझं आधार कार्ड.

“बच्ची की माँ कौन है?”

“मैं ही हूँ, मैडम जी.”

“और ये जो प्रमाणपत्र पर लिखी हैं?”

“वो भी मैं ही हूँ.”

मागं रांगेतली एक बाई पदराआड हसली. “दो-दो माँ हैं बिटिया की. भागवाली है.”

मला वाटलं, आता म्हणतील, पोर कुणाची उचलून आणलीस? आमच्याकडं लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. पुढं सगळीकडं तेच चालतं, माझ्या आधारवरही तेच. पण पहिलं बाळंतपण माहेरी झालं. ग्रामपंचायतीत नोंद करायला भाऊ गेला आणि त्याच्या तोंडात जे नाव होतं तेच सांगून आला. त्याला चूक तरी कसं म्हणू? त्याच्यासाठी मी तीच होते.

मोडक्या हिंदीत हे सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. “चावल में लिखते हैं? और कहीं नहीं लिखते?”

 मी स्वतः सातवीतून घरी बसलेली. गावातली शाळा तेवढीच. पुढची नदीपलीकडं, आणि एसटी कधी यायची, कधी नाही. वडील म्हणाले, एका पोरीसाठी सरकार गाडी थोडीच सोडणार. गाडी मागता येते का, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि कुणी येऊन आम्हाला सांगितलंही नाही. आता पोरीचंही तसंच होणार, म्हणून मी कागद गोळा करायला लागले.

“कहाँ चलीं? बच्ची को अंदर बैठाइए,” मॅडम म्हणाल्या.

“पर कागज, मैडम जी?”

“कागज की वजह से बच्चा नहीं लौटाते. कानून है. आपको किसी ने बताया नहीं?”

नव्हतं सांगितलं. मुलगी चपला काढून चटईवर जाऊन बसलीसुद्धा. मी मात्र फाटकाबाहेर बराच वेळ उभी होते, कुणी तिला परत पाठवतंय का बघत.

कुणी पाठवलं नाही. पण कॉम्प्युटर आडवा आला. आईचं नाव दोन्हीकडं एक दिसेना, म्हणून तो नोंद घेईना. आणि नोंद नाही तर गणवेशाचे, बुटांचे पैसे सरकारकडून खात्यात येत नाहीत. मुलगी पिवळ्या फ्रॉकमध्येच जायची. मॅडमनी कपाटातली जुनी पुस्तकं दिली. त्या बाईंचं मला नवल वाटायचं. दोन वर्ग त्याच शिकवणार, दुपारचं जेवण वाढताना त्याच उभ्या राहणार, मतदार याद्या घेऊन त्याच दारोदार फिरणार आणि शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरशीही त्याच झगडणार. सरकारनं कायदा चांगला केलाय, माझी पोर त्यावरच आत बसली. पण कायदा चालवायला हात लागतात. त्या शाळेला लिहिणारा एक माणूस दिला, तर मॅडमना तेवढा वेळ पोरांपाशी बसता येईल. माझ्या गावालाही वेळेवर येणारी एक गाडीच हवी होती, जास्त काही नाही.

शेवटी मॅडम म्हणाल्या, “गाँव की पंचायत को अर्जी लिखिए. दोनों नाम अपने हाथ से. लिख लेती हैं ना?”

सासरचं नाव सरळ उतरलं. जुन्या नावाशी पेन थांबलं. ते मी शेवटचं सातवीच्या पेपरवर लिहिलं होतं.

“अक्षर तो बड़े सुंदर हैं आपके,” मॅडम म्हणाल्या. मी अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवली.

अर्ज भावाला पाठवला. त्यानं पंचायतीत चार खेपा घातल्या. दुरुस्त दाखला दिवाळी उलटल्यावर आला, त्यावर माझी दोन्ही नावं होती. कॉम्प्युटरनं तो मुकाट घेतला. तोवर मुलगी अक्षरं लावायला शिकली होती. शाळेच्या पायरीवर बसून तिनं दाखल्यावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत ते नाव वाचलं.

“आई, हे कोणाचं?”

“माझंच. शाळेतलं.”

“मग ते नाव आता शाळेत का येत नाही?”

“गाडी नव्हती गं,” मी म्हणाले.

तिला ते पटलं असावं. दाखला माझ्या हातात देऊन ती वर्गात पळाली, अजून पिवळ्या फ्रॉकमध्येच.