धोटा आणि दोन बोटं

माझी आई एका डोळ्यानं बघते. तिचा डावा डोळा मी सातवीत असताना गेला. गेल्या वर्षी उजव्यातही मोतीबिंदू पिकला, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन लांबवू नका म्हणून सांगितलं.

"ऑपरेशन सोपं आहे," ते म्हणाले, "पण नंतर दर दोन तासांनी थेंब घालायचे. एकच डोळा आहे, हयगय चालणार नाही. घरी दिवसभर कोण असतं?"

"ह्यो असतोय की," आई माझ्याकडं बोट करून म्हणाली. "सकाळचं कॉलेज हाय ह्येचं. दुपारी मोकळाच असतोय."

मी मान हलवली आणि डॉक्टरांच्या टेबलावरचा प्लास्टिकचा डोळा बघत राहिलो.

अडचण अशी होती की मी आईच्या चेहऱ्याकडं बघत नसे. रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. बोलायचो, जेवायला वाढायचो, दवाखान्यात न्यायचो. पण नजर तिच्या हातांवर किंवा तिच्यामागच्या भिंतीवर. मी रसायनशास्त्र शिकवतो. वर्गभर मुलांच्या डोळ्यांत बघून मला शिकवता येतं. आईच्या चेहऱ्याकडं मात्र नजर वर गेली की तळहात ओले व्हायचे आणि मान आपोआप उजवीकडं वळायची. बाहेरच्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी.

ती कागलच्या एमआयडीसीत एका कंपनीत तपासणी विभागात आहे. सकाळी कंपनीच्या बसनं जाते, संध्याकाळी येते. दवाखान्यातून आलो त्या दिवशी तिनं सरळच विचारलं.

"थेंब तुम्हाला जमणार हाय का?"

"बघू."

"बघायचंच तर जमत न्हाई तुम्हाला! मी चार दिवस रजा काढीन, पण थेंब महिनाभर घालायचेत. जमत नसेल तर आत्ता सांगा. उगं आईंचा डोळा घालवू नका."

ती बोलली ते खरं होतं.

आम्ही मूळचे कबनूरचे. वडील, म्हणजे आमचे आण्णा (ते आता नाहीत), दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग चालवायचे आणि त्याच शेडमध्ये आई कांड्या भरायची. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: आडवा धागा गुंडाळलेली कांडी लाकडी धोट्यात बसवतात. धोटा हा दोन्ही टोकांना निमुळता, टोकांना लोखंड लावलेला. तो मागाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला इतक्या वेगानं जात-येत असतो की नीट दिसतसुद्धा नाही. कधी तरी तो वाट सोडून बाहेर उडतो. सातवीतल्या त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शेडमध्ये सुताच्या पोत्यावर बसून गणितं करत होतो. धोटा उडाला आणि आईच्या डोळ्याला लागला.

मागांच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून बोलतात. त्यामुळं त्या दिवसाचं माझ्याकडं एकच चित्र राहिलं होतं: आईचं उघडलेलं तोंड आणि त्यातून काहीच आवाज न येणं.

आई पुढं त्याच एका डोळ्यानं कांड्या भरत राहिली आणि मी बी.एस्सी. झालो. घराण्यातला पहिला. त्याबद्दल कृतज्ञता मनात रोज असते. पण ज्या चेहऱ्याचे उपकार मानायचे, त्याच्याकडंच बघता येत नव्हतं. मैदानावर मुलांचा चेंडू डावीकडून आला की मी खाली बसायचो, मुलं हसायची. मागांच्या आवाजाची मला कधी भीती वाटली नाही, हेही खरं. कबनूरला मुक्कामी गेलो की त्या खडखडाटात गाढ झोप लागते.

ऑपरेशनला दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजात परीक्षेच्या ताणावर बोलायला एक समुपदेशक बाई आल्या. आभार मानायचं काम नेहमीप्रमाणं माझ्याकडं. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की अपघात, महापूर असं काही बघितलेल्या माणसांसाठी डोळ्यांच्या हालचालींची एक उपचारपद्धती असते, तिला ईएमडीआर म्हणतात, आणि त्यांनी तिचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे. त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी म्हणालो, "माझ्या एका मित्राला असा त्रास आहे."

"मित्राला घेऊन या," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून हसल्या. "किंवा मित्राला एकट्यालाच पाठवा, सर."

मी गेलो. त्यांची खोली राजारामपुरीतल्या एका गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान. सुरुवातीच्या भेटी नुसत्या बोलण्यात गेल्या. झोप कशी लागते, काय टाळता, घाबरल्यावर मन शांत करायला कुठली जागा आठवते. मग एके दिवशी त्या समोर थोड्या बाजूला बसल्या. "ते चित्र मनात आणा," म्हणाल्या, "आणि मान न हलवता माझी बोटं फक्त डोळ्यांनी बघत राहा." दोन बोटं जोडून त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं झपाझप हलवायला सुरुवात केली.

मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली वाकलो. खुर्ची मागं सरकली.

त्यांनी हात लगेच खाली घेतला. "काय दिसलं?"

"धोटा."

त्यांना धोटा माहीत नव्हता. मी कागदावर माग काढून दाखवला. फळ्यावर आकृती काढल्यासारखे सगळे भाग नीट काढले. त्या बघत राहिल्या. "म्हणजे मी तुमच्यासमोर मागच चालवत होते," त्या म्हणाल्या. "हे मी आधी विचारायला हवं होतं."

त्यानंतर बरेच दिवस बोटं नाहीत. त्याऐवजी मी हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे आणि आळीपाळीनं हलकेच थोपटायचं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. थोपटताना चित्र आठवायचं, थांबायचं, काय आलं ते सांगायचं, पुन्हा सुरू करायचं. "आपण काही पुसून टाकत नाही," त्या सांगायच्या. "आठवण राहणारच. ती आत्ता घडतेय असं वाटणं कमी व्हावं, एवढाच प्रयत्न."

घरी आईला कळलंच.

"येड्याच्या डाक्टरकडं जातोस म्हणं?"

"कोण म्हणालं?"

"तुझी बायकू. काय करत्यात तितं?"

"बोटं हलवतात. आपण बघायचं."

"आनि पैसं घेत्यात व्हय? बोटं मीबी हलवतो की. बस हितं," आई म्हणाली; आमच्याकडच्या जुन्या बायका ‘हलवतो’च म्हणतात.

मी हसलो, पण भिंतीकडं बघून.

पुढं मीच मॅडमना म्हणालो की बोटं पुन्हा बघून बघू. या वेळी त्यांनी हात सावकाश आणि तिरका हलवला, खालून वर, वरून खाली. मला घाम आला, पण डोळे उघडे राहिले. काही वेळानं चित्र थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं. आतापर्यंत त्यात फक्त तोंड होतं. आता हात दिसले. एक हात डोळ्यावर होता. दुसरा हात पंजा उघडून वर धरलेला: शेडमधली ‘थांब’ची खूण.

"ती मला सांगत होती," मी म्हणालो. रडू आवरत नव्हतं. "जागेवर थांब, इकडं येऊ नकोस म्हणून."

मॅडम म्हणाल्या, "असेल. पण इथं आठवलेलं सगळं जसंच्या तसं घडलं होतं, असं मी म्हणणार नाही. तुम्हाला ती आता वेगळी दिसतेय, ते महत्त्वाचं."

मला राहवलं नाही. त्याच संध्याकाळी आई पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि विचारलं. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

"व्हय, हात केलता," ती सहज म्हणाली. "पर तुला कशाला करू? तू काय माग बंद करणार हुतास व्हय? तुझ्या आण्णाला सांगालतो, थांबीव म्हणून. त्यो माणूस माझ्याकडं बघालता नुसता, आनि माग सुरूच!"

"आणि मी?"

"तू? तू काय, बोंबलालतास. टेंपोत बोंबललास, दवाखान्यात बोंबललास. त्या कंपौंडरला वाटलं तुलाच लागलंय. तुलाच उचलून आत घेऊन गेला त्यो. मी म्हटलं, आवो पावणं, डोळा हिकडं हाय की!"

ती हसायला लागली. शेंगांची टरफलं मांडीवरून खाली पडली. मीही हसलो. ज्या आठवणीत मी कधी आवाज ऐकला नव्हता, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. आणि आई नुसती तोंड उघडून उभी नव्हती. डोळ्यातून रक्त येत असताना माग बंद करायचं तिला सुचलं होतं. खूण माझ्यासाठी नव्हती याचं थोडं वाईट वाटलं, ते लगेच गेलंही.

मी पूर्ण बरा झालो असं म्हणत नाही. चेंडू आला की अजून मान आत जाते. पण मॅडमकडं जाणं चालू ठेवलं, आणि ऑपरेशन आम्ही पुढं ढकललं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. बायकोच्या रजेचे दिवस संपले आणि ती सकाळचे थेंब घालून बसनं गेली. दुपारी मी हात धुतले, बाटली घेतली, आईला कॉटवर आडवं व्हायला सांगितलं आणि तिचा काळा चष्मा काढला. खालची पापणी ओढायला तिच्या चेहऱ्यावर वाकलो. डाव्या डोळ्याच्या जागी दुधी पडदा आहे. भुवईतून एक व्रण कानाकडं गेलेला आहे. इतक्या वर्षांत तो मला माहीतच नव्हता. तळहात ओले झाले. मी खोल श्वास घेतला आणि बाटली दाबली.

थेंब ओघळून खाली गेला.

"गालाला मोतीबिंदू झालाय व्हय रं?" आई म्हणाली.

"हलू नकोस."

"मी कुठं हलालोय? तुझाच हात नाचालाय."

मी मनगट तिच्या कपाळावर टेकवलं. हात स्थिर झाला. तिच्या उजव्या डोळ्यात बघितलं आणि बघत राहिलो. दुसरा थेंब नीट आत पडला. तिनं डोळा मिटायला हवा होता. तो तिनं उघडाच ठेवला आणि माझ्याकडं निरखून बघितलं.

"हनुवटीखाली दाढी ऱ्हायलीया तुझी," ती म्हणाली.

"डोळा मीट आधी," मी म्हणालो. "औषध बाहेर येतंय."