दिवाणखान्यातला समुद्र

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये पाण्याची तपासणी रोज सकाळ-संध्याकाळ होते. पिणाऱ्यांच्या पाण्याची नव्हे, पोहणाऱ्यांच्या. आम्ही पितो ते पाणी टँकरवाला कुठून भरून आणतो, हे माझ्या नवऱ्याने आजवर विचारलेलं नाही. पण दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत खारटपणा जरा हलला की त्याचा चेहरा उतरतो. आरओचं पाणी आधी टाकीला, उरेल ते आम्हाला, अशी घरची रीत आहे.

ही टाकी समुद्राची. म्हणजे पाण्यात विकतचं समुद्री मीठ कालवायचं, त्यात जिवंत प्रवाळ आणि थोडे पट्टेरी मासे सोडायचे आणि मग जन्मभर धास्तावून जगायचं. दिल्लीच्या उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून गोडं पाणी घाला. प्रवाळ वाढताना कॅल्शियम खातं, म्हणून कॅल्शियम घाला. ते घातलं की पाण्याची क्षारता, म्हणजे अल्कलिनिटी, घसरते, म्हणून ती चढवा. नळीत थेंब टाकून रंग बदलायची वाट बघताना नवऱ्याचा श्वास अडकलेला असतो. माझ्या बाळंतपणात तो फोनवर क्रिकेट बघत होता. पाहुण्यांना आमच्याकडे चहाच्या आधी अल्कलिनिटी मिळते.

सासरे कोकणात, समुद्राला लागून असलेल्या घरात राहायचे. सासूबाई गेल्यावर ते एकटे पडले आणि आम्ही मागे लागलो, आता कायमचे इकडेच या. ते म्हणाले, "यंदाचा गणपती तुमच्याकडे करू, मग ठरवू." त्यांनी राहावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं. मुलगी हॉस्टेलवर गेल्यापासून घरात माझ्याशी मासे सोडून दुसरं काही बोलणारं कुणीतरी हवं होतं.

ते आले त्याच दिवशी नवऱ्याने त्यांना टाकीसमोर उभं केलं. "बाबा, इथे करमणार नाही म्हणत होतात ना? बघा, तुमच्यासाठी समुद्रच आणलाय घरात!" टाकी त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधीची, पण असो. बाबांनी कौतुकाने पाण्यात बोट बुडवलं.

"अहो, हात नका लावू! हाताला तेल असतं, साबण असतो, सगळा बॅलन्स जातो!" नवरा किंचाळला.

बाबांनी बोट लेंग्याला पुसलं. त्यानंतर ते खुर्ची टाकून लांबूनच बघत बसायचे.

आमचा गणपती दीड दिवसाचा, शाडूचा, वीतभर उंचीचा. दिल्लीतली आम्ही मंडळी बाल्कनीत बादली ठेवतो, तिला झेंडूची माळ गुंडाळतो आणि तिच्यात विसर्जन करतो. दुसऱ्या दिवशी विसर्जनाची आरती झाली तेवढ्यात टँकर आला आणि नवरा खाली भांडायला गेला. मी खिरापत आणायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तर बाबा स्टुलावर उभे, कोपरापर्यंत हात टाकीत, आणि बाप्पा हळूहळू खाली चाललेला. "पुढच्या वर्षी लवकर या," ते पुटपुटत होते. मग त्यांनी तळातली मूठभर वाळू काढली आणि ओल्या हाताने रिकाम्या पाटावर ठेवली. विसर्जनानंतर किनाऱ्यावरची वाळू घरी आणून पाटावर ठेवायची, ही त्यांच्या घरची पद्धत. कोकणातून आल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मी ताट हातात धरून तशीच उभी राहिले.

नवरा वर आला तेव्हा पाणी चहासारखं झालं होतं.

"यार बाबा, हे काय केलंत? शाडू, कुंकू, गुलाल! आणि तळ ढवळलात! कळत नाही तर विचारायचं तरी!"

"विचारायचं काय? समुद्र आहे असं तूच म्हणालास."

"अहो, म्हणायला समुद्र!"

"अच्छा," बाबा म्हणाले. दिल्लीत येऊन ते एवढंच हिंदी शिकले होते.

नवऱ्याने विरघळत आलेला गणपती उपसून ताटात काढला, बादलीची माळ ओरबाडली आणि बादलीत नवं मिठाचं पाणी कालवायला घेतलं. बाबा जवळ येऊन उभे राहिले. "माझं परतीचं तिकीट काढ."

"काढतो," तो नळीतल्या थेंबाकडे बघत म्हणाला. "आधी हे बघू दे."

आणि खरोखरच, रंग बदलल्यावर त्याने काढलं. मी त्याच्याशी कडाकडा भांडले, बाबांची मनधरणी केली. बाबा हसून म्हणाले, "तिकडे घर बंद राहिलं की वाळवी लागते गं."

ते गेल्यावर आठवडाभर नवरा पाणी बदलत होता. मग एका सकाळी टाकीपाशी उभा राहून ओरडला, "चलो, सगळं जागेवर आलं! मिटलेलं प्रवाळसुद्धा उघडलं!"

टाकीसमोर बाबांची खुर्ची तशीच रिकामी होती. ती त्याने पाण्याच्या बादलीसाठी बाजूला सरकवली.

"फक्त तळ एका कोपऱ्यात उघडा पडलाय," तो म्हणाला आणि मी वाळूसकट देवघरात ठेवलेल्या पाटाकडे वळला. "ती वाळू धुऊन परत घालतो."

"हात नको लावूस," मी म्हणाले.