स्रोत : ईरम्मा, शुक्रवार पेठ

श्रीदेवी म्हमाणेचं डोकं एकाच गोष्टीनं फिरायचं. कॉलेजच्या ब्लॉगवर मुलांनी लेख टाकला की खाली हमखास 'फोटो सौजन्य : गूगल', नाहीतर नुसतंच 'साभार'. आभार कुणाचे, याचा पत्ता नाही. "गूगल काय तुझा मामा लागतो का रे?" असं भर वर्गात विचारून तिनं भल्याभल्यांची तोंडं उतरवली होती.

या चिडीला कारण होतं. तिनं जीव काढून लिहिलेलं प्रबंधातलं अख्खं प्रकरण तिच्या मार्गदर्शकांनी स्वतःच्या पुस्तकात घातलं. आभाराच्या पानावर बायकोपासून छापखान्यापर्यंत सगळे होते, श्रीदेवी तेवढी नव्हती. आयत्या बिळावर नागोबा! ते निवृत्त होऊन सत्कार घेत हिंडतात, ही अजून तासिका तत्त्वावर शिकवते.

गेल्या वर्षी ऋतुजानं लेख आणला. बी.ए.ची मुलगी, गरीब स्वभावाची, राहायला शुक्रवार पेठेत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याबद्दल तिनं लिहिलं होतं. सुई बोटातून आरपार गेली तरी चिंधी गुंडाळून बाईला परत मशीनवर बसवतात, लघवीला जायचं तरी सुपरवायझरला विचारावं लागतं. कारखान्याचं नाव नव्हतं. खाली होतं, 'एका कामगार महिलेने सांगितल्याप्रमाणे'.

"कोण महिला?" श्रीदेवीनं विचारलं.

"आमच्या शेजारच्या ईरम्मा मावशी. पण मॅडम, नाव नको म्हणत होत्या त्या."

"बोट तिचं, शब्द तिचे आणि नाव तुझं? ही चोरीच की गं! नाव, पत्ता सगळं घाल. एवढं तरी पडू दे तिच्या पदरात."

ऋतुजा घुटमळली. पण मॅडमपुढं उलटून बोलायची तिची छाती नव्हती. तिनं नाव घातलं.

लेख गाजला. दुसऱ्या कॉलेजांतल्या मुलांनी तो आपापल्या ब्लॉगवर घेतला आणि नवल म्हणजे सगळ्यांनी खाली स्रोत अगदी नीट दिला. श्रीदेवीला कष्टाचं चीज झाल्यासारखं वाटलं. पुढच्याच आठवड्यात ऋतुजा रडत आली. कारखान्याच्या मालकानं लेख वाचला होता आणि ईरम्माला फाटकातूनच परत पाठवलं होतं.

श्रीदेवीनं लेख लगेच काढला. बाकीच्यांना फोन केले. कुणी ऐकलं, कुणी "बघतो मॅडम" म्हणून विसरला. एकानं तर तिलाच सुनावलं, "नाव काढायचं म्हणजे चोरीच की, मॅडम." करायला गेली काय आणि उलटे झाले पाय, अशी तिची गत झाली.

शेवटी धीर करून ती ईरम्माच्या घरी गेली. ईरम्मा दारालगत मशीनवर शर्टाच्या कॉलरी शिवत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बसा की बाई."

"काम मिळालं वाटतं?" श्रीदेवीला जरा हायसं वाटलं.

"कुटलं मिळतंय? लई कारखानं फिरले. नाव सांगितलं की फोन काडून बघत्यात, आन् न्हाय म्हणत्यात. हे पलीकडच्या सिद्धेश्वरीनं आणलंय तिच्या नावावर. शिवते मी. मालक म्हणला, सिद्धेश्वरीचा हात लई साफ हाय."

श्रीदेवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या नावावर गेलेल्या कामाचं दुःख काय असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तेच तिनं या बाईच्या वाट्याला आणलं होतं.

"माझं चुकलं, मावशी," ती म्हणाली. "मी ब्लॉगवर तुमची जाहीर माफी मागते. आजच लिहिते."

मशीन थांबली. ईरम्मानं दोन्ही हात जोडले.

"नगं, बाई. त्यात परत माजं नाव यील."