सिसिलीची वाईन आणि आईचं कालवण

मंडळी, आज भुईगावच्या आमच्या घरी मी तासाभरासाठी वाईनतज्ज्ञ झालो होतो.

जहाजावर काम करणाऱ्या मेहुण्याने सिसिली बेटावरची पांढरी वाईन आणली. आई चर्चला गेली होती, तेवढ्यात आम्ही एकेक घोट घेतला. "लिंबू, आणि मागून खारा वारा," मी डोळे मिटून सांगितलं. उरलेली दुपारी माशांबरोबर प्यायची म्हणून फ्रिजमध्ये ठेवली.

विसरलो एवढंच, की आमच्याकडे दारूच्या रिकाम्या बाटलीत आई कायम घरचं व्हिनेगर भरून ठेवते.

जेवताना आई कुरकुरली, "यंदाचं व्हिनेगर अगदीच मिळमिळीत निघालं. अख्खी बाटली ओतली तेव्हा कुठे कालवण आंबट झालं."

मेहुण्याने वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले. "लिंबू, आणि मागून खारा वारा."

आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असतं का?